सायनसचं ऑपरेशन झालंय, घरी जरा सुसह्य होईल असं काही सांगा

रात्रपाळी
परवा दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन झालं, सोबत नाकाचा वाकडा पडदाही सरळ केला. नाकात भरलेलं पॅकिंग काल काढलं. दुखणं म्हणाल तर फार नाही पण नाक दोन्हीकडून ठार बंद, तोंडाने श्वास घेऊन घसा नुसता कोरडा पडतो, रात्री सारखी जाग. गोळ्या आणि सलाईनने नाक धुवायची बाटली दिलीये, आजपासून धुवायला सांगितलंय, बाकी डिस्चार्जच्या गडबडीत काही विचारायचं सुचलंच नाही. आई ओव्याच्या वाफेचं पातेलं घेऊन मागे लागलीये. झोपायचं कसं, खायचं काय, आणि हे नाक धुणं खरंच एवढं गरजेचं आहे का?

शेवंती_७
आधी झोपेचं. सपाट झोपू नका, सूज वाढते आणि अजूनच चोंदल्यासारखं वाटतं. दोन-तीन उशा लावून डोकं वर, आरामखुर्ची असेल तर त्याहून बरं. उशीवर जुना टॉवेल टाका, लालसर पाणी ठिबकतच राहतं काही दिवस. ओठांना साजूक तूप लावा, पण ओठांनाच हं, नाकात तूप-तेल सोडायचं नाही. शिंकरायचं अजिबात नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं.

टग्या_सांगलीकर
वाफ घ्या हो, दोन थेंब निलगिरी टाकून. लगेच मोकळं वाटतं.

वॉर्डातली_ताई
टग्याभाऊ, सर्दीला ठीक आहे, ताज्या जखमेवर नको. गरम वाफेने रक्त सुटू शकतं, आणि पातेलं कलंडून भाजलेले लोक आम्ही बघतो ते वेगळंच. सर्जन सांगतील तेव्हाच घ्यावी.

धुणं मात्र चुकवू नका. आत रक्त आणि चिकट स्राव वाळून खपल्या धरतात, त्या तशाच राहिल्या तर सायनसची नुकतीच मोकळी केलेली तोंडं परत चिकटायची भीती. बेसिनवर किंचित वाकून, तोंड उघडं ठेवून, बाटली हलक्या हाताने दाबा. पाणी कोमटच. तयार पुड्या मिळतात, २४० मिलीला एक, त्याच वापरा, घरी मीठ अंदाजाने टाकलं की कमीजास्त होतं आणि मग झोंबतं.

आणि जलनेतीवाल्यांसाठी खास: नेतीनंतर नाक कोरडं करायला कपालभाती करतात ना, ती आत्ता बिलकुल नाही. ते शिंकरण्यासारखंच झालं. पाणी आपोआप निथळू द्या.

रात्रपाळी
ताई, आरओचं पाणी चालेल ना?

वॉर्डातली_ताई
तसंच नाही. खळखळ उकळू द्या, निदान एक मिनिट, मग झाकून गार करा, किंवा डिस्टिल्ड आणा. केरळातल्या मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्या वाचल्या असतील, तो प्यायलेल्या पाण्यातून नाही तर नाकातूनच शिरतो. क्वचित होतं, पण पाणी उकळायला असा काय वेळ लागतो. बाटलीही रोज धुवून वाळवा.

अटलांटाचा_अण्णा
माझं इकडे झालं होतं. दुखलं तर डॉक्टरांनी दिलेलंच घ्यायचं, घरातली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आपल्या मनाने नको, रक्त पातळ होतं. आणि कोणी सांगत नाही ती गोष्ट, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका! कुंथलं की नाकातून रक्त. पाणी भरपूर, रात्री इसबगोल. तपासणीला आतून साफ करतात तेव्हा चांगलंच झणझणतं, आधी गोळी घेतली तर चालेल का ते फोन करून विचारा. वास आणि चव काही दिवस गायब असते, घाबरू नका.

वॉर्डातली_ताई
घाबरायचं कशाला तेही लिहिते. रक्त आलं तर बसून पुढे झुकायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबायचा, रक्त गिळायचं नाही. तरी थांबलं नाही, डोळा सुजला किंवा दोन दोन दिसायला लागलं, ताप चढला, मान आखडली, डोकं असह्य दुखलं, किंवा वाकल्यावर एका बाजूने पाण्यासारखं खारट गळत राहिलं, तर सरळ हॉस्पिटल गाठा, इथे विचारत बसू नका. नुसतं धुतल्यावर थोडं पाणी नंतर टपकतं, ते वेगळं. वजन उचलणं आणि जिम सध्या बंद. उदबत्ती, फोडणीचा ठसका, सिगारेट यांपासून लांब.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार, पातेलं परत ओट्यावर गेलं. आई विचारतेय रविवारी मटणाचा रस्सा चालेल का?

शेवंती_७
कोमट आणि बिनतिखटाचा. म्हणजे अळणीच प्या, तांबडा-पांढरा पुढच्या महिन्यात.