कचेरीच्या दारात जीभ का अडते? घरातली चिंता की बाहेरची खरी भीती

टिळकवाडीची लेक

माझा धाकटा भाऊ 38 वर्षांचा आहे. बेळगावच्या रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांशी तो कानडीत घासाघीस करतो, हसतो, भांडतोसुद्धा. पण शेताच्या उताऱ्यासाठी कानडीत चालणाऱ्या सरकारी कचेरीत जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात गोळा. आमचे वडील, आबा, जाऊन तीन वर्षं झाली, जमीन अजून आमच्या नावावर चढलेली नाही. दर वेळी कारण तयार असतं: सर्व्हर बंद असेल, अमावास्या आहे, ऊस तोडीला आलाय.

गेले काही महिने मी मनोविश्लेषणावर, म्हणजे मनात खोल दडलेली कारणं शोधणाऱ्या विचारावर, वाचते आहे. कॅरेन हॉर्नाय या जर्मनीत जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत गेलेल्या बाईंनी 1937 साली ‘मूलभूत चिंता’ मांडली. जग आपल्यावर उठलेलं आहे आणि त्यात आपण एकटे, असहाय आहोत, ही लहानपणी रुजलेली भावना. मुलाला आईबापाचा राग येतो, पण त्यांच्याशिवाय त्याचं चालत नाही. म्हणून तो राग गिळतो. गिळलेला राग मग बाहेरच्या जगाच्या तोंडावर दिसू लागतो.

आबा आम्हाला घराबाहेर पडताना एकच सांगायचे, “बाहेर तोंड उघडू नका.” घरात मात्र त्यांचा आवाज माडीपर्यंत. भावाने त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की त्याला कानडीची भीती नाहीच. खिडकीमागच्या कारकुनात त्याला आबा दिसतात. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत हेच चाललंय आणि आपण सगळा दोष भाषेवर ढकलतो.

येळ्ळूरचा शेतकरी

ताई, तुमच्या घरची काळजी कळते, पण मत अजिबात पटत नाही.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानेच चिंतेचे तीन प्रकार सांगितलेत: खऱ्या धोक्याची, मनातल्या वासनांना घाबरून येणारी आणि सदसद्विवेकाच्या टोचणीची. म्हणजे दुसऱ्या प्रकारात घालण्याआधी धोका खरा आहे का ते बघायला नको? माझा मराठीतला अर्ज दोनदा न वाचता परत आला. तिसऱ्यांदा जाताना माझेही पाय जड झाले. त्याला माझा बाप कसा जबाबदार?

1956 पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आता कर्नाटकात आहे. आमच्या आजोबांच्या शेतसाऱ्याच्या मराठी पावत्या अजून ट्रंकेत आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या कचेरीची भाषा बदलून कानडी झाली. घराघरांत ‘बाहेर गप्प बसा’ असं सांगितलं जायला लागलं, ते बाप तापट होते म्हणून नव्हे. अन्याय बाहेर झाला आणि दुखणं आमच्या डोक्यात शोधायचं, याची मला चीड येते.

निपाणीचा मास्तर

मी बारावीला मानसशास्त्र शिकवतो. माझा आक्षेप दोघांनाही आहे, पण ताईंना जास्त.

विज्ञान कशाला म्हणायचं याचा विचार करणाऱ्या कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने मनोविश्लेषणावर घेतलेला आक्षेप आजही उभा आहे. भाऊ म्हणाला ‘मला आबांचा राग होता’, तर सिद्धांत खरा. म्हणाला ‘नव्हता’, तर त्याने राग दडपला, म्हणून पुन्हा सिद्धांत खरा! जे खोटं ठरूच शकत नाही त्यावर माणसाचा उपचार कसा ठरवायचा? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 च्या वर्गीकरणात ‘न्यूरोसिस’ (मनातल्या चिंतेतून होणारा विकार) हे निदान मुख्य गट म्हणून ठेवलंच नाही. कारणाच्या तर्कांऐवजी दिसणाऱ्या लक्षणांवर भर दिला.

भावाचं साधं सांगतो. कचेरी टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच टाळायची सवय घट्ट होते. इलाज पायरी पायरीने जाण्याचा. आधी नुसतं आवारात जाऊन चहा पिऊन यायचं, मग खिडकीपाशी उभं राहायचं, मग एक प्रश्न विचारायचा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, टेली-मानस या सरकारी मदत-फोनचा 14416 हा क्रमांक आहे. आबांना उकरून काय मिळणार?

टिळकवाडीची लेक

सर, पायऱ्यांचं पटलं, ते करूच. पण ‘उकरून काय मिळणार’ हे मान्य नाही. तुमच्यासारख्या उपचारांचं एक मूळ याच रानातलं आहे. ‘मी असंच वागलं पाहिजे’ हा माणूस स्वतःवर करतो तो जुलूम हॉर्नायने ओळखला होता, आणि चुकीचे विचार बदलून उपचार करण्याची पद्धत काढणाऱ्या अल्बर्ट एलिसने तिचं ऋण मानलंय. भावाच्या डोक्यातलं वाक्यच बघा ना: ‘माझी एकसुद्धा चूक होता कामा नये.’ चहा पिऊन हे वाक्य जाईल का?

दादा, तुम्हाला एवढंच सांगते की हॉर्नाय तुमच्याच बाजूची आहे. माणसाचं दुखणं फक्त वासनांतून येत नाही, समाजातून आणि संस्कृतीतून येतं, असं तिने ठणकावून सांगितलं. त्यावरूनच 1941 साली तिला न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेत शिकवण्यावरून दूर केलं गेलं आणि तिने वेगळी चूल मांडली. तुमची 1956 ची गोष्ट आबांच्या तोंडून आमच्या घरात आली, हे मात्र मी आधी लिहायला हवं होतं. ते राहून गेलं.

वडगावची सून

मी माहेरची कानडी. लग्न होऊन मागवाल्या विणकरांच्या घरात आले तेव्हा मला मराठीचं एक वाक्य नीट येत नव्हतं. तुम्ही सगळे कचेरीबद्दल बोलताय. माझ्यासाठी ती कचेरी म्हणजे सासरचं स्वयंपाकघर होतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण मी बोलले की जावा हसायच्या. मग मी ठरवलं, सगळ्याला ‘व्हय’ म्हणायचं. अकरा वर्षं म्हटलं. शेजारपाजारचे म्हणायचे, काय सोशिक सून आहे! ताईंच्या हॉर्नायबाईंनी चिंतेतून सुटायच्या तीन वाटा सांगितल्यात: लोकांकडे सरकणं, लोकांविरुद्ध जाणं आणि लोकांपासून दूर जाणं. माझं यातलं पहिलं असणार. मला मात्र ते रोज संध्याकाळच्या डोकेदुखीसारखं आठवतं.

एक चूक सगळेच करताय. या तीनही वाटा प्रत्येकाच्या असतात. निरोगी माणूस प्रसंग बघून वाट बदलतो. अडकलेला माणूस एकाच वाटेवर फिरत राहतो, तिथे काटे असले तरी. मी ‘व्हय’वर अडकले, ताईंचा भाऊ माघारीवर अडकलाय, आणि दादा, राग मानू नका, तुम्ही भांडणावर अडकला असाल का? आमच्या नणंदबाई एकदा मला म्हणाल्या, “वैनी, तू कधी रागावतच नाहीस, मला भीती वाटते तुझी.” त्या दिवशी मी पहिल्यांदा ‘नको’ म्हणाले. भाजीत मीठ जास्त घालायला.

येळ्ळूरचा शेतकरी

वहिनी, राग नाही मानला. रात्रभर विचार केला. भांडणावर अडकलोय हे खरं असेलही, पण त्यामुळे माझा अर्ज परत येणं खोटं ठरत नाही.

आणि ताई, भावाला हे दाखवा. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. वारसनोंदीचा अर्ज कानडीत द्यावा लागला तर मी लिहून देतो, चार ओळींचा असतो. तो अडवला तर गाऱ्हाणं मात्र मराठीत, आणि तेही मी लिहितो. आबा त्याच्या मनात आहेत की कारकुनाच्या खुर्चीत, ते तुम्ही मास्तरांबरोबर बघा.

टिळकवाडीची लेक

दादा, भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अर्ज मीच लिहितो, तुम्ही फक्त तपासा म्हणावं.” मंगळवारी आवारातला चहा ठरलाय.