बायबलच्या गोष्टी आणि पिक्चरनं केलेला पचका

नाताळ जवळ आला की टीव्हीवर हे पिक्चर परत सुरू होतात, म्हणून विचारतोय. संडे स्कूलमध्ये नायतर आज्जीकडून ऐकलेली गोष्ट पडद्यावर बघून तुमचा कुठं पचका झाला, लिहा. सोलापूरकरांनी तर लिहाच.

माझा पचका 'एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज', २०१४ चा. आमच्या चर्चच्या नाटकात मोशेला (इस्राएली लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणारा) दाढी नसली तर चालायचं पण काठी पायजेच, ती कुणाच्या तरी आजोबांची मागून आणायची. इथं रिडली स्कॉटनं त्याच्या हातात तलवार दिली. देव म्हणून एक शाळकरी पोरगं येतंय. आणि समुद्र दुभंगतच नाही हो, नुसता ओसरतो! बायबलात रात्रभर पूर्वेचा वारा सुटतो आणि दोन्हीकडं पाण्याच्या भिंती उभ्या राहतात, एवढा आयता सीन सोडून दिला.

कडकभाकरी: मला जुन्या 'टेन कमांडमेंट्स'चा राग आहे, १९५६ चा. भाऊ म्हणला मिसरावर देवानं पाठवलेले बेडूक येणार, म्हणून मी पावणेचार तास बसले आणि बेडूक आलेच नाहीत 😭 आता मोठेपणी दुसरंच खटकतं. मोशे स्वतः देवाला सांगतो की मला नीट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या भावाला, अहरोनाला सोबत देतात, आणि पिक्चरमधला मोशे, चार्लटन हेस्टन बोलतो तर भिंती हादरतात. तो अडखळणारा माणूसच मला आवडायचा.

पूर्वभागवाला: आमच्या घरात तेलुगू, त्यामुळं आमचा येशू म्हणजे 'करुणामयुडु'मधला विजयचंदर. गल्लीत पांढरी चादर बांधून दाखवायचे, अव्वा पदर डोळ्याला लावून बसायची. मग मोठा झाल्यावर मेल गिब्सनचा येशूच्या शेवटच्या तासांवरचा 'पॅशन' बघितला. अरामी, लॅटिन भाषा, मेहनत भारी, मान्य. पण बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात येशूला मारलेल्या फटक्यांची गोष्ट एका ओळीत संपते आणि इथं ते संपतच नाही बे, मी मान खाली घालून बसलो. पुनरुत्थान मात्र शेवटी घाईघाईत उरकलं. अव्वाला हा दाखवला नाही.

सातरस्ता: 'नोहा' कुणी बघितला का? दगडाचे राक्षस तारू (पुरातून वाचायचं मोठं जहाज) बांधायला मदत करलालेत 😂 आणि खलनायक तारवात लपून बसलाय! पुस्तकात तिन्ही पोरांच्या बायका तारवात जातात, इथं एकालाच बायको, आणि आजोबा नातींच्या जिवावर उठलाय.

कडकभाकरी: @सातरस्ता थोडी बाजू घेते हं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीमध्ये पूर ओसरेपर्यंत नोहा एक शब्द बोलत नाही, मग सव्वादोन तास रसेल क्रोनं करायचं काय?

सातरस्ता: गप्प बसायचं की. सुतारकाम दाखवा, जनावरं दाखवा. तारवाचं दार देव स्वतः बाहेरून बंद करतो, त्या एका ओळीला माझ्या अंगावर काटा येतो. दगडाच्या राक्षसांनी नाही आला.

ज्वारीचं_कणीस: मी १९६० चा 'स्टोरी ऑफ रूथ' यूट्यूबवर बघितला, आईला दाखवायचा म्हणून. चार अध्यायांची गोष्ट, विधवा सून सासूला सोडत नाही आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा (कापणीनंतर पडून राहिलेली कणसं) वेचून दोघींचं पोट भरते. आईनं लहानपणी मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या रानात सरवा वेचलाय, म्हणून तिला ती गोष्ट पाठ. तर पिक्चरमध्ये रूथ तिच्या माहेरच्या देशातल्या, मवाबच्या देवळातली पुजारीण, तिथलं राजकारण, मारामारी, आणि शेत काय येईना. आई दोनदा म्हणली पुढं ढकल. शेवटी शेत आलं तर म्हणते, "हिला कुणी वाकायला शिकवलंच नाय."