कुंपणात सोडलेला करंट आणि माणसाचा मृत्यू: कलम १०५ की १०६?

वऱ्हाडकर:
रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याने कुंपणाच्या तारेत करंट सोडला, रात्री शेजारच्या शेतातला माणूस चिकटून गेला. माझं मत: हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) चा गुन्हा, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, जामीनपात्र. कलम १०५, सदोष मनुष्यवध, लावणं अन्याय आहे. मारायचं कुणाला होतं? डुकराला. शिवाय कलम १९ चा बचाव आहेच: मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने केलेलं कृत्य.

काळा कोट:
हेतू नव्हता, मान्य. पण १०५ ला हेतूच लागतो असं नाही. यातून जीव जाऊ शकतो हे ठाऊक असणं पुरेसं आहे, त्यालाही १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो, हाताचे स्नायू आखडतात, तार सोडता येत नाही, हृदयाची लय बिघडते. डुक्कर मरेल इतका करंट माणसाला सोडेल का? कलम १९ इथेच गळतं, कारण कायद्यात सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी घेणं. कुंपणासाठीचं झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, क्षणभरच झटका देतं. जनावर मागे फिरतं, मरत नाही. तो मार्ग असताना थेट लाइन जोडली, तर काळजी कुठे घेतली?

वऱ्हाडकर:
मग चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार वाचा, सर्वोच्च न्यायालय, १९६३. शौचालयाच्या वाटेवर उघडी तांब्याची जिवंत तार, तीही शेजारणीला रोखायला लावलेली. ती बाहेर पडताना हात लागून गेली. तरी शिक्षा जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ खाली, निष्काळजीपणाचीच. माणसासाठी लावलेल्या तारेला ते कलम, आणि डुकरासाठी लावलेलीला त्याहून कडक?

काळा कोट:
तिथे युक्तिवाद मालमत्तेच्या खासगी बचावाचा होता आणि तो फेटाळला गेला: परवानगीशिवाय घुसणाऱ्याचाही जीव असा घेता येत नाही. तुमच्या शेतकऱ्याला तर तो बचाव मांडताही येणार नाही. हा हक्क गुन्ह्याविरुद्ध असतो. डुक्कर गुन्हा करत नाही, आणि मेलेला माणूस चोरीला आला नव्हता. जाणीव होती की नाही, हे प्रत्येक खटल्यात पुराव्यावर ठरतं.

तालुका वकील:
दोघांनीही आधी पंचनामा मागवा. तार जमिनीपासून किती उंच, जवळून पायवाट जाते का, करंट मीटरमधून की आकडा टाकून, दिवसा बंद ठेवत होते का. कलम १९ सारख्या अपवादाचा बचाव घेतला की तो सिद्ध करायचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर येतो, मात्र शक्यतेचं पारडं जड झालं तरी पुरतं. आणि ‘धोका’ लिहिलेल्या फलकावर फार विसंबू नका. फलकामुळे काळजी घेतल्याचं दिसतं, तसं जीव जाऊ शकतो हे ठाऊक होतं हेही सरकारी वकील त्याच फलकावरून दाखवतो.