बाळाच्या टाचेची रक्तचाचणी बडोद्यात सक्तीची करावी का?

दांडियाबाजारकर:
माझं मत सरळ आहे, करावी. जन्मजात आजार वेळेत कळावेत म्हणून टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर टिपायचे, एवढंच काम. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा आईबापांची मर्जी विचारत बसले नाहीत. फेनिलकीटोन्युरियासाठी (प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही, असा जन्मजात आजार) रॉबर्ट गथ्रींची ही पद्धत साठच्या दशकापासून आहे. बाळ जन्मतः छान दिसतं, आणि बुद्धी खुंटल्याचं कळेतो वेळ गेलेली असते.

रावपुरा_वाडा:
काका, शाळेत घातलं की शिक्षण मिळतं. इथे चाचणीनंतर काय मिळतं? त्या मुलांची खास दूध पावडर वर्षानुवर्षं कुणी आणायची? शिवाय प्रसूतिगृहं पन्नासेक रोगांचं पॅकेज गळ्यात मारतात. पहिल्याच दिवशी नमुना घेतला की टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारा हार्मोन, वाढलेलाच दिसतो, आणि बाळंतीण दुसरा रिपोर्ट येईपर्यंत रडत बसते.

लॅबवाली_ताई:
म्हणून तर नमुना 48 ते 72 तासांनी घ्यायचा असतो. पहिला रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे, हे सांगायलाच हवं. पॅकेज सोडा, तीनच घ्या. थायरॉइड: गोळी स्वस्त, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. अॅड्रिनल (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीचा जन्मजात दोष: मुलगा वरून ठीक दिसतो, दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, घरचे म्हणतात दूध पचत नाही, आणि बाळ हातचं जातं. तिसरा जी-सिक्स-पीडी, म्हणजे लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची कमतरता. त्याला औषध नाही, पथ्य आहे. आपल्याकडे दुपटी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात ना? अशा बाळाला त्या वासानेही जबर कावीळ होऊ शकते.

चिकित्सक_बडोदेकर:
या रोगांना लोक सरसकट आनुवंशिक म्हणतात, पण थायरॉइडचा जन्मजात दोष बहुतेकदा आनुवंशिक नसतोच, ग्रंथीच नीट बनलेली नसते. आनुवंशिकच म्हणायचं तर मामाच्या मुलीशी लग्नाबद्दल बोला की. नात्यात लग्न झालं की आईबाप दोघेही एकाच दोषाचे वाहक (दोषी जनुक अंगात, पण स्वतः आजारी नाहीत) असण्याची शक्यता वाढते, आणि तसे असले तर दर खेपेला बाळ आजारी होण्याची चारात एक शक्यता.

रावपुरा_वाडा:
आणि खापर सुनेवर! एकेक जनुक दोन्हीकडून आलं, हे सासरी कोण सांगणार? जी-सिक्स-पीडी तर मुलाला आईकडूनच येतो, म्हणजे आयतंच कोलीत. समुपदेशक नेमल्याशिवाय सक्ती नकोच.

दांडियाबाजारकर:
सासू बोलेल म्हणून बाळाचं निदान टाळायचं? 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात ठरावीक केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत आहे. निदानच नसेल तर अर्ज कशाचा करणार?

रावपुरा_वाडा:
ताईंच्या तिन्ही चाचण्यांना माझी ना नाही, सक्तीला आहे. आणि काका, गॅलॅक्टोसेमियाचं (दुधातल्या साखरेचा एक घटक न पचण्याचा जन्मजात आजार) बाळ आईच्या दुधावर पहिल्याच आठवड्यात आजारी पडतं. नमुना बाहेरगावी गेला तर रिपोर्ट कधी हातात येतो, तेवढं आधी चौकशी करून इथे टाका.