कॅप्टन शरण गेला म्हणजे भ्याला काय?

धुऱ्यावरचा: काल इथं एकानं लिहिलं की मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’ कॉमिकच्या शेवटानं सात अंक वाचणाऱ्याच्या तोंडाला पानं पुसली. जिंकत आलेला कॅप्टन अमेरिका शरण जातो, म्हणून लेखक भित्रा. रात्रीची लाईन होती, पऱ्हाटीचं ओलित सुरू होतं, तिथंच वाचलं अन् डोकं तापलं.

सातवा अंक पुन्हा उघडा. टोनीचा, म्हणजे आयर्न मॅनचा, मुखवटा फुटलाय, कॅप्टनची ढाल उगारलेली आहे. कॅप्टनला खाली कोण पाडतं? आगवाले, ॲम्ब्युलन्सवाले, साधी माणसं. मग त्याला मोडलेलं न्यूयॉर्क दिसतं. सुरुवात कशानं झाली होती? स्टॅमफर्ड शहरात शाळेजवळ नायट्रो नावाचा खलनायक बॉम्बसारखा फुटला, सहाशेवर माणसं गेली, म्हणून सुपरहिरोंनी सरकारकडं नोंदणी करायचा कायदा. टोनी कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन विरोधात. अन् हा तर दुसरं स्टॅमफर्ड करायला निघाला होता! थांबला. याला छाती लागते.

आमच्या बाबांचं अन् काकाचं धुऱ्यावरून वाजलं, तेव्हा बाबांच्या हातात कुऱ्हाड होती. बाजूच्या वावरातल्या निंदणाऱ्या बाया मधात पडल्या. बाबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. त्यांना भित्रा म्हणून दाखवा मले.

डोगाभक्त: काल लिहिणारा मीच. भाऊ, बाबांबद्दल आदर आहे, पण कॉमिकचं बोला. नोंदणी बरोबर का चूक, हा प्रश्न होता. उत्तर कुठाय? खटला न चालवता नोंदणी नाकारणारे हिरो निगेटिव्ह झोन नावाच्या परक्या विश्वातल्या तुरुंगात कोंबले, थॉरच्या नकलेनं कॅप्टनच्या बाजूचा गोलायथ मारला, अन् टोनीला शेवटी काय? शिल्ड या हेरसंस्थेच्या संचालकाची खुर्ची! कॅप्टनला गोळी लागते ती मार्च २००७ मध्ये, त्याच्या स्वतःच्या मालिकेच्या २५ व्या अंकात. मांडव एका गावात, पंगत दुसऱ्या गावात, अन् आहेर दोन्हीकडं द्यायचा.

वावरवाली: नोंदणीचं नावच काढू नका. मागच्या खरिपात पिकाची नोंद मोबाईलवर करायची होती. वावरात उभं राहून फोटो काढा म्हणे. नाल्यापलीकडं रेंज कुठं आहे? चार चकरा मारल्या. सातबाऱ्यावर काय आलं? पडीक! तूर कमरेएवढी उभी, अन् कागदावर पडीक. अतिवृष्टीचे पैसे गेले ते गेलेच. मी कॅप्टनच्या बाजूनं, कारण विचारू नका.

जुनी रद्दी: ताई, नोंद नको तर काय हवं? आमच्याकडं एकानं गवताच्या वावरात संत्रा दाखवून पैसे उचलले.

वावरवाली: फोटो त्यानंही काढलाच असेल ना? मग मोबाईलनं काय धरलं त्याचं? खरं पेरणारा पडीक, अन् गवतवाला बागायतदार!

डोगाभक्त: ताईंनी एका ओळीत सांगितलं. नायट्रो कोणत्या खिडकीवर फॉर्म भरायला येणार होता?

जुनी रद्दी: नायट्रोचं सोडा हो. त्याला डिवचलं कोणी? न्यू वॉरियर्स या तरण्या हिरोंच्या टोळीनं, टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं मिरवायला. लायसन नाही, शिकवण नाही. बिनलायसनच्या पोरानं ट्रॅक्टर उलटवला की तुम्हीच बोंबलता, पोलीस काय करत होते म्हणून.

वावरवाली: ट्रॅक्टर मधात काहून आणला? माझे पैसे कधी येतील ते सांगा.

धुऱ्यावरचा: अरे, धागा शेवटाबद्दल आहे! तलाठ्याबद्दल नाही. वाचून तरी बोला.

डोगाभक्त: वाचलंय म्हणूनच भांडतोय. सहाव्या अंकासाठी थांबलो, सातव्यासाठी थांबलो. बरं, तो लोकांनी पकडायचा प्रसंग चांगला काढलाय. मॅकनिव्हनच्या चित्रांपुरतं मान्य. आता एक सांगा, त्या धुऱ्याचं पुढं काय झालं?

धुऱ्यावरचा: त्याचा इथं काय संबंध?

डोगाभक्त: उदाहरण तुम्हीच दिलं.

धुऱ्यावरचा: काकाकडंच आहे. दर साली एखादं तास अजून आत येते.

डोगाभक्त: म्हणजे काका शिल्डचा संचालक झाला.

धुऱ्यावरचा: काकाचं नाव घेऊ नका बे. दांड फुटला वाटते, पाहून येतो.