आईला ऑपरेशननंतरचं इंजेक्शन लागूच पडत नाही, जनुकीय चाचणी कुठे करतात? (मदत हवी आहे)

शाल्मली_सांगली
प्लीज लवकर सांगा. आईचं परवा ऑपरेशन झालं. दुखण्यावरचं इंजेक्शन दर आठ तासांनी देतात, पण काडीचा फरक पडत नाही. रात्रभर माझा हात घट्ट धरून कण्हत होती. सिस्टर म्हणतात, "आजींची सहनशक्तीच कमी आहे." दोन्ही बाळंतपणं घरी झालेली, मनगट मोडलेलं असताना त्याच हाताने पंगतीला वाढलेली बाई आहे ती. हे ऐकून मला रडूच आलं. काहींच्या जीन्समुळे पेनकिलर चालत नाही असं वाचलंय. ती टेस्ट कुठे होते आणि रिपोर्ट किती दिवसांत येतो, एवढंच सांगा. बाकी सल्ले नकोत.

बंडोपंत
ताई, कसलं ऑपरेशन? वय काय? इंजेक्शनचं नाव काय? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर कोण काय सांगणार?

केतकी_न्यूजर्सी
टेस्ट नक्की करा! माझं पित्ताशय काढलं तेव्हा ट्रामाडॉल दिलं होतं. पाणी प्यायल्यासारखं वाटलं. नंतर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतला, दहा दिवसांनी रिपोर्ट आला: 'पुअर मेटाबोलायझर', म्हणजे शरीर त्या औषधाचं रूपांतर नीट करत नाही. तेव्हापासून माझ्या फाइलवर पहिल्याच पानावर ते लिहिलेलं असतं. माझ्या मते प्रत्येक ऑपरेशनआधी ही टेस्ट सक्तीची हवी.

वस्तुनिष्ठ
केतकीताई, दहा दिवसांनी येणाऱ्या रिपोर्टचा आज रात्री कण्हणाऱ्या बाईला काय उपयोग? घाबरलेल्या नातेवाइकांना असल्या टेस्ट विकणं हा धंदा झालाय. दुसऱ्या दिवशी दुखणारच.

केतकी_न्यूजर्सी
दुखणारच? तुमचं पोट कधी फाडलंय का?

आजीचा_बटवा
निर्गुडीचा पाला गरम करून शेक द्या आणि रात्री हळद घालून दूध. आमच्या सासूबाईंना तीन दिवसांत आराम पडला होता.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी एक गोष्ट: ताज्या जखमेवर पाला किंवा गरम शेक अजिबात नको. शाल्मलीताई, बंडोपंतांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. शिवाय आईंना रोज कुठकुठल्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा.

शाल्मली_सांगली
सॉरी, वॉर्डात रेंज येत नाही. डावा गुडघा बदललाय. वय ६८. पॅरासिटामॉलचं सलाईन, ट्रामाडॉल आणि उलटी होऊ नये म्हणून ऑनडॅनसेट्रॉन. रोजच्या गोळ्या म्हणजे बीपीची आणि थायरॉइडची, बाकी काही नाही. हो, मामालाही दाढ काढल्यावर ट्रामाडॉल दिलं होतं, त्यालाही काहीच फरक पडला नव्हता. म्हणूनच मला जीन्सचा संशय आहे. आता तरी टेस्टचं सांगा.

बंडोपंत
गुडघ्याचे किती घेतले? ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली आहे. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये ठरवले होते, जीएसटी वेगळा. बिलात इम्प्लांटची ओळ स्वतंत्र मागून घ्या. आमच्या भावजींनी मागितली नाही आणि मग पस्तावले.

भूलवाला
ट्रामाडॉल आहे म्हटल्यावर तुमचा संशय रास्त आहे. नीट सांगतो.

ट्रामाडॉल आहे त्या रूपात फारसं वेदनाशामक नाही. यकृतात सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम आहे. ते ट्रामाडॉलचं एम-१ या पदार्थात रूपांतर करतं आणि मेंदूतल्या ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या औषधांच्या) खुंटीला घट्ट बसतो तो हा एम-१. कोडीनचंही तसंच, त्याचं याच एन्झाइममुळे मॉर्फीन बनतं. या एन्झाइमचं जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं येतं. दोन्ही प्रती निकामी असल्या तर औषध रक्तात असतं पण कामाचं होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे ५ ते १० टक्के लोक सापडतात, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी. भावंडांमध्ये एकच दोष येण्याची शक्यता चांगलीच असते, म्हणून मामाची गोष्ट महत्त्वाची.

उलटही असतं. काहींच्यात या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि मॉर्फीन झपाट्याने बनतं. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेली काही मुलं अशाने श्वास मंदावून दगावली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रण संस्थेने, त्यावर कडक इशारा दिला. २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन नको, वेदनेसाठी ट्रामाडॉलही नको, असं ठरवलं.

वेदना किती जाणवते हेही थोडं जन्मजातच असतं. ओपिऑइडची ती खुंटी ज्या जनुकातून घडते त्यात ११८ व्या जागी 'ए' या डीएनएच्या अक्षराऐवजी 'जी' असलेल्यांना मॉर्फीन जरा जास्त लागल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, आणि आशियाई लोकांत हा बदल युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. त्यामुळे 'सहनशक्ती कमी' हे शब्द वॉर्डातून हद्दपार व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

आता माझा प्रश्न परत. 'बाकी काही नाही' म्हणजे खरंच नाही ना? झोपेची, घाबरल्यासारखं होतं म्हणून दिलेली, मन शांत राहावं म्हणून चालू असलेली एखादी गोळी? आईंना एकांतात विचारा.

जिज्ञासू_पुणे
याच विषयावर वाचलेलं आठवलं. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. त्याला वेदना होतच नसत. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास छपरावरून उडी मारून गेला. त्याच भागातल्या, वेदना न होणाऱ्या कुटुंबांवरून २००६ मध्ये एससीएन९ए या जनुकातला दोष सापडला. नसांमध्ये वेदनेचा संदेश सुरू करणारी सोडियमची एक वाहिनीच त्यांच्यात चालत नाही. आणि तांबड्या केसांच्या बायकांना भूल जास्त लागते, हे खरं का?

भूलवाला
२००४ मध्ये तसं दिसलं होतं, डेस्फ्लुरेन हा भुलीचा वायू १९ टक्के जास्त लागला, पण तो अभ्यास अगदी थोड्या बायकांवरचा होता. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे ताईंचं उत्तर यायचंय.

सईची_आई
मधेच विचारते, माफ करा. माझी मुलगी ५ वर्षांची आहे आणि तिचे टॉन्सिल पुढच्या महिन्यात काढायचे आहेत. वरचं वाचून पोटात गोळा आला. काय करू?

भूलवाला
भूल तपासणीच्या दिवशी सरळ विचारा की दुखण्यावर काय देणार. या वयात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांवर बहुतेकदा भागतं. घरी कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर तेही देऊ नका.

शाल्मली_सांगली
सर, तुम्ही म्हणालात तसं एकटीला विचारलं. बराच वेळ बोललीच नाही. मग उशीखालचा बटवा काढून दिला. आत पॅरोक्सेटिनची, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्यांची स्ट्रिप. बाबा गेल्यापासून पाच वर्षं घेते आहे. "लोक वेडी म्हणतील म्हणून तुला सांगितलं नाही, इथेही सांगितलं नाही." आज सकाळचीही घेतली आहे. मी जवळच राहते आणि मला माहीतच नव्हतं.

भूलवाला
ताई, आत्ता उठा आणि स्ट्रिप ड्यूटी डॉक्टरांच्या हातात द्या, पुढचं ट्रामाडॉल देण्याआधी. पॅरोक्सेटिन त्याच सीवायपी२डी६ एन्झाइमला जवळजवळ कुलूप लावतं. जनुक उत्तम असलं तरी माणूस पुअर मेटाबोलायझरसारखा वागतो. ऑनडॅनसेट्रॉननेही ट्रामाडॉलचा असर थोडा कमी होऊ शकतो. शिवाय ट्रामाडॉल आणि पॅरोक्सेटिन एकत्र आले की शरीरात सेरोटोनिन हे रसायन वाढण्याचा धोका असतो. हातपाय थरथरणं, खूप घाम, अस्वस्थपणा, ताप, नाडी जोरात, यातलं काही दिसलं तर लगेच सांगा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅरोक्सेटिन एकदम बंद करू नका, त्याचा वेगळा त्रास होतो. आणि ट्रामाडॉलचा डोस वाढवून घेऊ नका. भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा. मांडीतल्या नसेचा ब्लॉक, म्हणजे ती नस बधीर करणारं इंजेक्शन, देता येतं. मॉर्फीनला या एन्झाइमची गरज नाही, ते मुळातच तयार रूपात असतं. किडनी ठीक असेल तर सूज उतरवणारं औषधही देता येईल. काय द्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील.

वस्तुनिष्ठ
म्हणजे जीन्सचा संबंधच नव्हता. मी तेच म्हणत होतो.

केतकी_न्यूजर्सी
आणि मामा? तेही पॅरोक्सेटिन घेतात का? कुणाचं खरं हे मोजण्याची ही वेळ नाही.

भूलवाला
दोन्ही कारणं एकाच घरात असू शकतात. वस्तुनिष्ठ, तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. चाचणी फक्त जनुक वाचते, गोळीने लावलेलं कुलूप तिला दिसत नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' आला असता आणि ताईंना पुन्हा 'सहनशक्ती कमी'च ऐकावं लागलं असतं.

शाल्मली_सांगली
काल रात्री नऊला ब्लॉक दिला. ट्रामाडॉल बंद केलं, थोडं मॉर्फीन दिलं आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लावून लक्ष ठेवलं. आई पहाटेपर्यंत शांत झोपली. सकाळी वॉकर धरून चार पावलं टाकली. घाम किंवा थरथर नाही. कालच्या सिस्टर स्वतःहून आईजवळ बसल्या आणि "आजी, माझं चुकलं" म्हणाल्या. पॅरोक्सेटिनचं नाव आता केसपेपरवर लाल अक्षरात आहे. सर, तुमचे उपकार कसे मानू!

एकच विचारायचं राहिलं. मामाचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात मिरजेला आहे. त्याला कसलीही गोळी चालू नाही, मी फोन करून दोनदा विचारलं. त्याची टेस्ट करावी का?

भूलवाला
त्यांच्या बाबतीत करावी, हातात वेळही आहे. सीवायपी२डी६ची चाचणी असं नाव घेऊन विचारा. रिपोर्ट उशिरा आला किंवा खर्च झेपत नसला तरी अडत नाही. ट्रामाडॉल लागू पडलं नाही, एवढी एक ओळ कागदावर लिहून भूल तपासणीला न्यायला सांगा. दाढेच्या वेळची चिठ्ठी घरात असेल तर तीही सोबत द्या.

बंडोपंत
ताई, आईंना नमस्कार सांगा. बिल हातात आलं की इम्प्लांटची ओळ पाहायला विसरू नका.