गच्चीची किल्ली कुणी दिली?

शनिवार (मे २०२५)

मंजिरी ४०२: गच्चीवर साठ खुर्च्या कुणी आणून ठेवल्यात? माझ्या कुरडया वाळत होत्या. कागदावरून कुणीतरी सरळ चालत गेलंय, कुरडईवर चपलेचा ठसा उमटलाय, फोटो टाकतेय. सेक्रेटरींनी उत्तर द्यावं.

साठे (सेक्रेटरी): नमस्कार. खुर्च्या निलेशच्या आहेत. उद्या ५ ते ७ त्यांच्या काँग्रेस पक्षाची बैठक आहे, ५०० रु. भरून रीतसर पावती घेतलीय. कळावे 🙏

मंजिरी ४०२: पक्षाची?? गच्ची फक्त वाढदिवस, बारसं, भिशी यासाठी असं मीटिंगमध्ये ठरलंय ना? का ते फक्त आमच्या हळदीकुंकवापुरतं होतं?

ओंकार ५०१: काकू ही विधानसभा हरल्यानंतरची चिंतन बैठक आहे. बारशात नाही बसत पण दहाव्यात बसेल 😂

निलेश १०२: ओम्या खाली ये जरा. मंजिरीताई सॉरी, टेंपोवाल्या पोराने बघितलं नाही, मी भरून देतो.

मंजिरी ४०२: कुरडया भरून देणार? चीक तू ढवळणारेस का तीन दिवस?

जोशी बाई २०३: विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्या सोसायटीत १८ पूर्ण झालेले ७३ जण आहेत. मतदार यादीत ५२. बाकी २१ जणांनी फॉर्म भरावेत. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. सुप्रीम कोर्टाने महापालिका निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलंय.

परांजपे काका १०३: चिंतन करायला साठ खुर्च्या कशाला लागतात म्हणतो मी. आत्मा एकच असतो.

निलेश १०२: काका २ मार्च २०२३ ला पुण्याच्या कसबा पोटनिवडणुकीत आमचे धंगेकर आले, तुमचा भाजप पडला, त्या संध्याकाळी तुम्ही पार्किंगमध्ये एकटे बसला होता ते मी विसरलो नाहीये, मीच चहा आणून दिला होता

परांजपे काका १०३: दिला होतास. आणि सोबत पेढाही दिला होतास. तेही मी विसरलो नाहीये.

ओंकार ५०१: तेव्हा तुमचे लोक 'हू इज धंगेकर' म्हणायचे, आता हू इज परांजपे 😂😂

आपटे सर ३०१: ओंकार, मोठ्यांची चेष्टा पुरे. निलेश, तुमच्या बैठकीला एक सुचवतो. १९७७ ला काँग्रेस १५४ वर आली, इंदिराबाई स्वतः रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांनी पडल्या, लोक म्हणाले संपलं आता. पाच महिन्यांत बिहारात बेलछीला गेल्या, तिथे दलितांचं हत्याकांड झालं होतं, पाऊस आणि चिखल इतका की जीप अडकली, मग ट्रॅक्टर, तोही चालेना, शेवटी हत्तीवर बसून पोचल्या. ७८ च्या जानेवारीत पक्ष फुटला, गायवासरू चिन्ह गेलं, हाताचा पंजा घेतला, नोव्हेंबरात चिकमगळूरहून लोकसभेत आल्या, तिथून काढून टाकलं आणि तिहारला पाठवलं तर लोकांना उलट वाईट वाटलं. आणि ८० ला ३५३. तेव्हा चिंतन गच्चीवर होत नाही, चिखलात होतं, एवढंच सांगायचं होतं.

परांजपे काका १०३: सर हत्तीचं सांगितलंत, पण समोरच्यांनी काय केलं ते गाळलंत. मोरारजी आणि चरणसिंग एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ७९ च्या जुलैत मोरारजी गेले, चरणसिंग पंतप्रधान झाले आणि लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाहीत. जनता पक्ष आपणहून कोसळला. हत्ती नसता तरी चाललं असतं.

आपटे सर ३०१: कोसळेल तेव्हा उचलायला खाली कुणीतरी उभं लागतं परांजपे. ती उभी होती.

सुवर्णा ३०२: छान वाचलं सर 🙏 फक्त एक, पंपाचा आवाज मला एकटीलाच येतोय का? काल रात्री दीडपर्यंत चालू होता.

साठे (सेक्रेटरी): प्लंबरला सांगितलंय.

सुवर्णा ३०२: ते मागच्या महिन्यातही सांगितलं होतं. असो.

जोशी बाई २०३: २१ पैकी अजून कुणाचाही फोन आलेला नाही. फॉर्म ६, फॉर्म ८. माझ्याकडे छापील प्रतीही आहेत.

अमोल ५०२ (न्यू जर्सी): Interesting म्हणावी अशी चर्चा. इंग्रजी चालत नाही ग्रुपवर म्हणून देवनागरीत, इंटरेस्टिंग. खरं तर भाजपचंच बघा, १९८४ ला देशात दोन खासदार. हनमकोंडा आणि मेहसाणा. वाजपेयी स्वतः ग्वाल्हेरला माधवराव सिंदियांकडून पडले. त्यांनी काय केलं तर आधी कमिटी नेमली की बाबा आपण जनता पक्ष सोडून वेगळा पक्ष काढला तेच चुकलं का. इतका मुळातला प्रश्न विचारायला हिंमत लागते. मग ८६ ला अडवाणी अध्यक्ष, ८९ ला पालमपूरला राममंदिराचा ठराव, इकडे शिवसेनेशी युती, ८९ ला ८५, ९१ ला १२०.

साठे (सेक्रेटरी): अमोल, दोन क्वार्टरचा मेंटेनन्स बाकी आहे. इथेच आठवण करतोय कारण फोन उचलत नाही.

अमोल ५०२ (न्यू जर्सी): काका इकडे रात्र असते तुम्ही फोन करता तेव्हा

ओंकार ५०१: आत्ता मेसेज करताना दिवस आहे का दादा 😂

परांजपे काका १०३: अमोल, वहीतलं बरोबर आहे पण अर्धं. पालमपूर काय, रथ काय, ते वरचं. इथलं सांगतो. अण्णा जोशी खासदार झाले तेव्हा कसब्यात पोटनिवडणूक लागली आणि गिरीश बापट पडले, काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले. तेव्हाही अशीच सुतकी संध्याकाळ होती. बापट दुसऱ्या दिवसापासून फिरायला लागले, लग्न, मयत, मुंज, ड्रेनेज, ९५ ला आले आणि मग २०१९ पर्यंत हललेच नाहीत. पाच टर्म. त्यांना नावं विचारावी लागायची नाहीत, कुणाच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या हॉस्पिटलात हेही पाठ.

निलेश १०२: मान्य. बापट साहेबांबद्दल आमच्यातलाही कुणी वाईट बोलणार नाही. ऑक्सिजनची नळी लावून व्हीलचेअरवर मेळाव्याला आले होते ते बघून मला स्वतःला कसंतरी झालं होतं. पण तरी २०२३ ला पडलातच ना? २८ वर्षांचा गड, जवळपास ११ हजारांनी. का पडलात ते सांगा की.

परांजपे काका १०३: माज.

परांजपे काका १०३: आणि आमदार मुक्ताताई टिळक गेल्यावर घरात तिकीट नाही दिलं, पेठेत कुरबुर झाली, मोदी गणपतीपाशी फलक लागले, कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला वगैरे. वरचे म्हणाले पेठ कुठे जातेय, पेठ आपलीच. पेठ घरी बसली. मतदान निम्म्याच्या आसपास.

मंजिरी ४०२: मी गेले नव्हते मतदानाला. मुद्दाम. आज सांगते. आणि आजच्या या प्रकारानंतर पुढच्यालाही जाणार नाही.

जोशी बाई २०३: मंजिरी, असं बोलू नये. तुझं नाव यादीत आहे, पण मुलीचं नाही. ती मागच्या डिसेंबरात १८ ची झाली. फॉर्म ६.

सुवर्णा ३०२: काका मग २०२४ ला परत कसे आलात? लाडकी बहीण म्हणा सरळ. माझ्याकडे पोळ्यांना येते तिच्या खात्यात निवडणुकीआधीच साडेसात हजार जमा, पाच महिन्यांचे. तिने मला मोबाईलवर मेसेज दाखवला होता, म्हणाली ताई नवरा विचारतोय पण मी नाही देणार. लोकसभेला २३ चे ९ झाले होते ना तुमचे? कांद्याने रडवलं होतं दिंडोरीत. आणि नोव्हेंबरात एकट्याचे १३२. पाच महिन्यांत कुठला पक्ष उभा राहतो हो विचार करून? पैशाने राहतो.

परांजपे काका १०३: पैशाने राज्य आलं असेल वहिनी, नाही म्हणत नाही. कसबा त्याच्या आधीच परत आला होता. लोकसभेलाच आमच्या मोहोळांना कसब्यातून लीड होतं, समोर धंगेकरच, आणि तेव्हा कुठे होती लाडकी बहीण?

आपटे सर ३०१: हा मुद्दा बिनतोड आहे.

निलेश १०२: सर तुम्ही कुणाच्या बाजूने आहात नक्की

आपटे सर ३०१: मी निवृत्त आहे.

ओंकार ५०१: 😂😂😂

परांजपे काका १०३: ऐका आता पूर्ण. पडल्यावर पहिलं काम रुसलेले मोजले. धीरज घाटेंना तिकीट हवं होतं, मिळालं नव्हतं, त्यांना शहराध्यक्ष केलं. कोथरूडला डावललेल्या मेधाताई कुलकर्णी राज्यसभेवर गेल्या. २०२३ ला पडलेल्या रासनेंनाच परत उभं केलं, म्हणजे दीड वर्ष तो माणूस आमदार नसून आमदारासारखा फिरला, गल्लीत खड्डा पडला तर हजर. नोव्हेंबरात १९ हजारांच्या वर. आणि तुमच्याकडे काय झालं निलेश? निवडून आलेल्याला तुम्ही लोकसभेला पुढे केलं, तो पडला, मग विधानसभेला तुमच्याच कमलताई बंडखोरी करून उभ्या, आणि आता मार्चमध्ये धंगेकर शिंदेंच्या सेनेत. तुम्ही जिंकलात तेव्हा पक्ष जिंकला नव्हता, माणूस जिंकला होता. माणूस गेला, खुर्च्या उरल्या. साठ.

निलेश १०२: हा मेसेज डिलीट केला आहे

ओंकार ५०१: मी वाचला 🙈

साठे (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक टीका नको. ग्रुपचे नियम वर पिन केलेत.

मंजिरी ४०२: नियम गच्चीचेही पिन करा.

निलेश १०२: काका बोललात ते लागलं पण खोटं नाही. एकच सांगतो, आमच्याकडे वरून कुणी विचारतच नाही. विधानसभेला १६ आले आमचे, संगमनेरला थोरात साहेब पडले, कऱ्हाडला पृथ्वीराज बाबा पडले, नाना पटोले २०८ मतांनी वाचले. विरोधी पक्षनेतेपदासाठी २९ आमदार पाहिजेत, तेवढेही आघाडीतल्या तिघा पक्षांपैकी एकाकडे नाहीत. फेब्रुवारीत सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले, साधा माणूस आहे, बरं वाटलं. पण वॉर्डात माझ्यासारख्याला विचाराल तर गेल्या तीन वर्षांत महापालिकाच नाही, २०२२ पासून प्रशासक, नगरसेवक नाही म्हणजे पोरांना काम नाही, काम नाही म्हणजे पोरं जातात. सत्ताधाऱ्यांकडे आमदार आहे निदान. आमच्याकडे ही गच्ची आहे. तीही ५०० रुपये भरून.

सुवर्णा ३०२: निलेश 🙏

अमोल ५०२ (न्यू जर्सी): ईव्हीएमवर कुणीच बोलत नाहीये?

परांजपे काका १०३: २०२३ ला धंगेकर आले तेव्हा मशीन कुठल्या कंपनीचं होतं?

निलेश १०२: अमोलदादा नको. त्यात सहा महिने गेले आमचे.

जोशी बाई २०३: मी पुन्हा विनंती करते. वाडे पाडले, माणसं सिंहगड रोडला आणि वारज्याला राहायला गेली, त्यांची नावं इथे. इथे नवीन आलेत त्यांची नावं गावाकडे. मी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीच्या कामाला, नऊ वर्षं या पेठेत जिने चढलेय. २१ जण.

ओंकार ५०१: बाई मी पण त्यात आहे का?

जोशी बाई २०३: तू पहिला आहेस.

रविवार

साठे (सेक्रेटरी): बैठक संपल्यावर लाइट बंद करावेत. गच्चीची किल्ली माझ्याकडे आणून द्यावी.

मंजिरी ४०२: किती जण आले? खालून मोजत होते मी. अकरा.

निलेश १०२: तेरा ताई. दोघं मागच्या जिन्याने आले.

ओंकार ५०१: आणि बटाटेवडे ६० 😋 थँक्यू निलेशदादा

निलेश १०२: बाई, ती २१ जणांची यादी मला देता का? बैठकीत तेवढा एकच ठराव झाला खरं सांगायचं तर. एकेका सोसायटीने सुरू करू म्हटलं.

जोशी बाई २०३: ये घेऊन जा. पेन आण. सातवीतही तू पेन मागूनच घ्यायचास.

परांजपे काका १०३: २१ नाहीत बाई. १९. दोघींचे फॉर्म मी गुरुवारीच भरून घेतलेत, १०२ मधल्या.

निलेश १०२: १०२ म्हणजे माझं घर

परांजपे काका १०३: तुझी बायको आणि तुझी बहीण. लग्न होऊन दोन वर्षं झाली, सूनबाईंचं नाव अजून बार्शीलाच होतं. तू बैठकीच्या खुर्च्या ठरवायला गेला होतास. चहा झाला, फोटो, आधार सगळं घेतलं. अर्थात मत कुणाला द्यायचं ते त्यांचं त्या बघतील.

ओंकार ५०१: 💀💀💀

आपटे सर ३०१: हत्ती!!

निलेश १०२: काका आता पेढा कोण कुणाला देणार

परांजपे काका १०३: तू चहा आण. पार्किंगमध्ये बसलोय.

सुवर्णा ३०२: पंप परत चालू आहे. आत्ता. ऐका.

साठे (सेक्रेटरी): निलेश, किल्ली.